डेपोच्या मोरीत गेलेलं दूध

आमच्या डेपोत तिला सगळे 'डबल' म्हणायचे. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की ड्रायव्हरनं गाडी सोडायची, हा आमच्या धंद्यातला नियम. ही बाई मात्र चढणाऱ्याचा दुसरा पाय पायरीवर टेकायच्या आतच दोरी दोनदा ओढून मोकळी व्हायची. माणसं शिव्या घालत आत यायची आणि तिकीट घेईपर्यंत हसायला लागायची, कारण तिची जीभ तिच्या हातापेक्षा जलद होती. "पाय आत घ्या काका, तो पण तुमच्याच तिकिटात येतोय," असं काहीबाही. मी तिचा ड्रायव्हर. ती मला दादा म्हणायची आणि मी तिला डबलच म्हणायचो.

तिला दिवस राहिले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिला काही महिने पासाच्या खिडकीवर बसवलं. मग मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं होतं. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, त्यामुळे रजा मिळाली तीही हात आखडून. पोरगी मान धरायला लागली न लागली, तोच ही पुन्हा खांद्याला तिकिटाचं मशीन लावून माझ्या गाडीवर हजर.

बोलणं कमी झालं होतं. उकाड्यातसुद्धा खाकी जॅकेटची बटणं गळ्यापर्यंत लावायची. गाडी डेपोत लागली की चहाला न येता कँटीनच्या मागच्या मोरीत जायची. बायकांसाठी तेवढीच जागा होती: एक नळ, एक बादली, खाली जाळी बसवलेली नाली. दाराला कडी नव्हती, म्हणून आत गेलं की बादली दाराला टेकवून ठेवायची. बाहेर यायची तेव्हा डोळे लाल असायचे. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल. बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, अंगावर पाजणारी बाई आहे ती," ती म्हणाली. "वेळ झाली की दूध भरून येतं. दगडासारखं होतं, ठणकतं. पिळून टाकल्याशिवाय उभं राहवत नाही."

"टाकायचं?"

"मग काय करायचं? तुमच्या डेपोत ठेवणार कुठे, इंजिनावर?"

मला दोन पोरं आहेत आणि ही गोष्ट मला पन्नाशीला आल्यावर कळली. दुसऱ्या दिवसापासून ती मोरीत गेली की मी कँटीनच्या त्या बाजूच्या बाकावर पाठ करून बसायला लागलो, म्हणजे तिकडे कोणी फिरकू नये.  

हळूहळू ती स्वतःच सांगायला लागली. शेवटचा थांबा आला, गाडी रिकामी झाली की माझ्यामागच्या सीटवर बसून बोलायची. बाळंतपणाच्या वॉर्डात पहिल्या दिवशी ती गुंगीतच होती. पोरगी रडते म्हणून कोणीतरी बाटली दिली. नंतर छातीशी धरलं तर पोरीला जमेना, हिला बसवेना. "रिकामीच आहेस तू अजून, येईल दोन दिवसांनी," असं शेजारच्या खाटेवरची म्हणाली. दूध आलं, चांगलं आलं. पण संध्याकाळ झाली की पोरगी किरकिर करायची, पाजलं तरी रडायची. सासूबाई म्हणाल्या, तुझं पुरत नाही. नवरा म्हणाला, तुम्ही बायकांनी काय ते ठरवा. औषधाच्या दुकानदारानं काचेवर चिकटवलेल्या गुबगुबीत पोराच्या चित्राकडे बोट दाखवून डबा दिला. आणि कामावर यायचं तर दुसरा इलाजही नव्हता.

"पण आई फार करतात हो दादा," ती सासूबाईंबद्दल म्हणायची. "बाटली उकळून घेतात, रबरी बूच उकळून घेतात, पाणी उकळून वर फडकं बांधून ठेवतात. माझ्या हातून एवढं झालं नसतं."

तिची सासू मी पाहिली होती. लहान चणीची, ताठ बाई. तरुणपणी एका मोठ्या धुलाईखान्यात कपडे उकळायचं काम केलेली, त्यामुळे हातांची कातडी कायमची गुळगुळीत झालेली. घर आरशासारखं. नातीला घेऊन गॅलरीत उभी असायची आणि आमची गाडी खालून गेली की नातीचा हात धरून हलवायची. मी हॉर्न वाजवायचो.

त्या दिवशी दुपारची फेरी होती. गाडी अर्धीअधिक भरलेली. पाण्याच्या टाकीच्या वळणावरून मी बाहेर आलो आणि समोर रस्त्याच्या मधोमध ती म्हातारी उभी. थांब्यावर नाही, फुटपाथवर नाही, भर रस्त्यात. दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं पोर माझ्या गाडीपुढे धरलेलं. मी ब्रेक दाबला. मागे माणसं एकमेकांवर आदळली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि ती जागची हलली नाही.

डबल पुढे आली ती शिव्या घालायलाच असावी. काचेतून तिनं बघितलं आणि दाराकडे धावली.

म्हातारीला आम्ही हाताला धरून वर घेतलं. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पोरीचे डोळे वर गेलेले होते, नुसतं पांढरं दिसत होतं. एक हात आपोआप झटके देत होता, दुसरा नुसता लोंबत होता. ओठ निळे पडले होते. तीस वर्षं गाडी चालवतो, अपघात पाहिलेत, पण तेवढंसं लेकरू असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"दादा," डबल म्हणाली. एवढंच.

मी गाडी वळवली. आमचा मार्ग सरळ होता, हॉस्पिटल उजवीकडे पुलापलीकडे. मागे चाळीसएक माणसं होती. कोणी कामाला निघालेलं, कोणी कामावरून परत. एक जण म्हणाला, "अहो, ही गाडी इकडे कुठे?" त्याच्या शेजारच्यानं त्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण त्यानंतर गाडीत आवाज झाला नाही. पुलावर गर्दी होती. तो पहिला प्रश्न विचारणारा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत पुढच्या गाड्यांना हातानं बाजूला सारत होता.

आरशात मला डबल दिसत होती. पहिल्या सीटवर, पोरीला छातीशी घट्ट धरून. मशीन अजून खांद्यालाच लटकलेलं. तिच्या जॅकेटवर गडद ओला डाग पसरत चालला होता. मला वाटलं, कोणी पाण्याची बाटली सांडली. मग डाग दुसऱ्या बाजूलाही उमटला, वाढत गेला, तिच्या मांडीवर थेंब पडायला लागले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पोरगी छातीशी लागताच दूध वाहायला लागलं होतं. पोरीला ते घेण्याचं भान नव्हतं.

हॉस्पिटलात पोरीला आत नेलं. मला कोणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गाडी आवारात उभी होती आणि प्रवासी खाली उतरून सावलीत उभे होते. आतून झटके थांबल्याचं कळलं तेव्हा कुठे ते एकेक करून आपापल्या वाटेला लागले.

तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिचा नवरा तोवर धापा टाकत आला होता. तो लाकडाच्या वखारीत काम करतो, केसांत भुसा तसाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोरीजवळ दिवसभर कोण असतं?"

"मी," म्हातारी म्हणाली. तिला आता बोलता येत होतं.

"तिला काय पाजता?"

"दूधच. डब्याचं. संध्याकाळी आई आली की अंगावरचं, पण हल्ली ते धड घेत नाही."

"डब्याचं कसं करता, सांगा बरं."

म्हातारीनं नीट सांगितलं. हात धुण्यापासून सुरुवात केली. बाटली कशी उकळते, पाणी किती वेळ उकळू देते, कसं कोमट करते. तिला वाटत होतं, आपली स्वच्छता तपासतायत. डॉक्टरीणबाई मान हलवत ऐकत होत्या.

"आणि पावडर?"

"एक चमचा. डब्यातला."

"किती पाण्यात?"

"बाटलीभर."

डॉक्टरीणबाईंची मान हलायची थांबली. "पूर्ण बाटलीत एक?"

"हो. जाड दूध बाधतं लेकराला. आणि मधेमधे पाणी पाजते, उकाडा आहे म्हणून."

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या बाटलीत चार चमचे घालायचे असतात. पाणी वेगळं द्यायचंच नसतं. तिच्या पोटात नुसतं पाणी जात होतं. रक्तातलं मीठ इतकं उतरलं की डोक्यावर परिणाम झाला, म्हणून झटके आले. पोट भरलेलं असायचं, म्हणून रडत नसेल. पण ती उपाशी होती."

 नवऱ्यानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा आईकडे. "आई, तू पाणी पाजत होतीस तिला?" असं तो अगदी हळू म्हणाला. म्हातारी उत्तर द्यायच्या ऐवजी आपल्याच हातांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"मला म्हणायच्या शांत झालीये पोर," डबल म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "दिवसभर झोपते म्हणायच्या. मी खूश व्हायचे."

आतून एक सिस्टर आल्या. वयानं मोठ्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांचं लक्ष डबलच्या जॅकेटकडे गेलं.

"हे काय आहे, दूध?"

डबलनं मान हलवली.

"इतकं आहे तुला? मग डबा कशाला आणला?"

"पुरत नाही म्हणून. कामावर असते मी."

"कामावर असताना येत नाही का?"

"येतं."

"मग त्याचं काय करतेस?"

 मला माहीत होतं काय उत्तर आहे, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

"डेपोच्या मोरीत पिळून टाकते," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. दोनदा. कधी तीनदा."

सिस्टर तिथल्या स्टुलावर बसल्या.  "झाकणाच्या स्वच्छ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवता येतं, बाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं राहतं. तुला हे कोणी सांगितलंच नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. वॉर्डात घाई होती, दुकानदाराला डबा विकायचा होता, नवऱ्याला ती बायकांची गोष्ट वाटत होती, आणि मी पाठ करून बाकावर बसलो होतो. नालीत तिच्या पोरीचं जेवण जात होतं आणि घरी पोरगी पाण्यावर होती. हे दोन्ही रोज, एकाच वेळी. डबल ते मनातल्या मनात जुळवत असताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. ती रडली नाही. तिनं मशीन खांद्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं, इतकंच.

म्हातारी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. मुलगा तिच्याकडे गेला. मी मध्ये पडू नये म्हणून बाजूला सरकलो, पण तो कॉरिडॉर अरुंद होता आणि ती हळू बोलायची बाई नव्हती.

"मी मुद्दाम नाही रे केलं."

"ते मला माहीत आहे. पण एक चमचा का? डब्यावर लिहिलंय, मला विचारायचंस."

"जाड दुधानं गेली होती ती."

"कोण?"

ती थांबली. तिच्या तोंडून जे निघून गेलं होतं ते आता परत घेता येणार नव्हतं.

"तुझ्या आधीची," ती म्हणाली.

मुलगा आणखी जवळ गेला. "माझ्या आधी कोण होतं?"

"मुलगी होती. हिच्याएवढीच होती गेली तेव्हा."

डबल मागे येऊन उभी राहिली होती.  त्याच्या वडिलांनी मरेपर्यंत हे सांगितलं नव्हतं. आत्यानं नाही, मामानं नाही. हा माणूस चाळीस वर्षं स्वतःला थोरला समजत होता.

"मला ताई होती?" तो म्हणाला.

मग तिनं सांगितलं. उभ्यानंच, भिंतीकडे बघत. धुलाईखान्यात कामाला होती. बाळंतपणानंतर लगेच परत बोलावलं, नाही गेली तर जागा दुसरीला. पोरीला शेजारणीकडे ठेवायची. शेजारीण मायाळू, तिला मूलबाळ नव्हतं. ती डब्याचं दूध करून पाजायची, आणि पोर बाळसेदार व्हावं म्हणून सांगितल्यापेक्षा जास्तच पावडर घालायची, अगदी दाट. एक दिवस पोरीला जुलाब लागले. उलट्या. दुसऱ्या दिवशी हातात काही राहिलं नाही. शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकच सांगितलं: जाड दूध बाधलं. ते तिनं मनात गाठ मारून ठेवलं.

"नाव काय होतं तिचं?" मुलानं विचारलं.

"ठेवायचं राहून गेलं."

नंतर ती सुनेकडे वळली. तिचं बोलणं बदललं, जणू आता दोन कामकरी बायका बोलत होत्या. "मी पण असंच पिळून टाकायचे. वाफेच्या खोलीमागे नाली होती. कपड्यांचं साबणाचं पाणी जायचं त्यात. पांढऱ्यात पांढरं, कोणाला कळायचं नाही."

"आई, मग मला का नाही सांगितलंत?" डबल म्हणाली. "मी रोज घरी येऊन म्हणायचे, छाती ठणकते."

"काय सांगायचं? ही काय सांगायची गोष्ट आहे का? सगळ्याच टाकतात, असं वाटलं मला."

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा म्हातारीनं त्यांना हटकलं. तिला एवढंच विचारायचं होतं, की आपलं चुकलं ते चुकलंच, पण जाड दुधानं मूल जातं हे तरी खरं ना. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बाई पाणी कुठलं घालायच्या?"

"सार्वजनिक नळाचं. तेव्हा नळाशेजारीच गटार फुटलेलं होतं."

"उकळून?"

"तेव्हा कोण उकळत होतं? ते मी नंतर शिकले, धुलाईखान्यातल्या मोठ्या बाईकडून."

 त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं, असं मला वाटलं. "आजी, दाट दूधही चांगलं नव्हेच," त्या म्हणाल्या. "पण मला वाटतं ती पाण्यानं गेली असावी."

म्हातारी खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवर. चाळीस वर्षं ती एका गोष्टीला घाबरून होती आणि ती गोष्टच दुसरी निघाली. जे पोटात जाऊ नये म्हणून ती जपत होती ते दूध होतं, आणि जे हातानं ओतत होती ते पाणी. हे पाणी तिनं उकळलेलं होतं, स्वच्छ होतं, त्यात तिची काही चूक नव्हती. तरी ती 'पाणी, पाणी' असं दोनदा पुटपुटली आणि नंतर त्या दिवशी बोललीच नाही. सुनेनं शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. माझी तरी खात्री होती की ती म्हातारीवर आग पाखडणार. तसं झालं नाही. रागवायला तिच्यात जीवच उरला नव्हता.

मी गाडी घेऊन डेपोत गेलो.

पोरगी वाचली. आता ती काय काय करते ते सांगायला बसलो तर दुसरी गोष्ट होईल. पण तेव्हा पहिले काही दिवस वाईट गेले. अंगावर घ्यायचं ती विसरली होती. बाटलीच्या बुचाची सवय. छातीशी नेलं की पाठीची कमान करून किंचाळायची. डबल म्हणायची, "माझंच लेकरू मला ढकलतंय." सिस्टरांनी वाटी-चमचा काढला. डबल वाटीत दूध काढायची आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं काम त्यांनी म्हातारीला दिलं. म्हातारी नको म्हणाली.  सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच पाजायचं. दुसऱ्या कोणाला मी देणार नाही." पहिला चमचा तिनं पोरीच्या ओठांशी नेला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते, असं डबलनं मला सांगितलं. हॉस्पिटलातून सोडायच्या आधी पोरगी छातीला लागली. एका बाजूला लागली, दुसरीला नाही. मग दुसरीलाही.

डेपोत माझी चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, गाडी कोणाला विचारून वळवली. मी म्हणालो, कोणालाच नाही. त्यांनी मला गाडीवरून उतरवून वर्कशॉपमध्ये टायर मोजायला बसवलं. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. डबल रजेवरून परत आली आणि हे कळल्यावर थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरली. दार उघडंच राहिलं, त्यामुळे बाहेर उभे असलेले आम्ही सगळे ऐकत होतो.

"साहेब, दादांनी गाडी वळवली नसती तर माझी पोरगी आज नसती."

"ते मला समजतं. पण चाळीस प्रवासी—"

"त्यातल्या एकानं तरी तक्रार केली?"

 कोणीच केली नव्हती.

"आणि एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. "तुमच्या कँटीनमागच्या मोरीत माझ्या पोरीचं जेवण रोज नालीत गेलंय. मी स्वतःच्या हातानं टाकलंय. दाराला कडी नाही, म्हणून बादली लावून टाकलंय. माझ्याआधी वर्कशॉपमधल्या दोघींनी टाकलंय, मी विचारलं त्यांना. पोरगी माझी झटके येऊन निळी पडली होती साहेब."

साहेबांना तीन मुली. त्यांना हे ऐकायचं नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. पण कान झाकता येत नव्हते. ते खुर्चीतून उठले. मग बाहेर आले आणि स्वतः कँटीनमागे गेले. मोरीचं दार ढकललं, बादली बघितली, नाली बघितली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून गाडीवर या."

हरवलेल्या वस्तूंची एक खोली डेपोत होती. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट, एक कुबडी. कुबडी विसरून माणूस चालत कसा गेला, यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकं खाजवलेलं. ती खोली रिकामी केली. मी दाराला आतून कडी बसवली. चुना लावला, एक पंखा आला, कँटीनचा जुना फ्रीज आला. डबल डब्यात दूध काढून त्यात ठेवायला लागली. एकदा एका नव्या मेकॅनिकनं तो डबा उघडून "हे चहाला घेऊ का?" असं विचारलं. त्याला उत्तर मिळालं ते मी इथे देत नाही, पण तो अजून चहा कोराच पितो.

शिवाय साहेबांनी आमची फेरी अशी बसवली की दुपारी शेवटच्या थांब्यावर गाडी थोडी जास्त उभी राहायची. तिथे म्हातारी नातीला घेऊन दुसऱ्या बसनं येऊन थांबलेली असायची. डबल मागच्या सीटवर बसून पाजायची. मी खाली उतरून टायर बघायचो. टायरला काही झालेलं नसायचं.

त्या शेवटच्या थांब्यावरच एक दिवस म्हातारी मला म्हणाली, "इथंच होतं ते कुठंतरी."

मला कळेना. त्या दिवशी सुट्टी असल्यानं मुलगाही सोबत आला होता, त्यानंच सांगितलं. तिच्या पहिल्या मुलीला पुरलं ती जागा या थांब्याच्या मागे होती. तो कधीपासून तिच्या मागे लागला होता, दाखव म्हणून. ती टाळत होती.

थांब्यामागे आता बाजार आहे. प्लास्टिकच्या बादल्या, चपला, फळं, मोबाईलची कव्हरं. म्हातारी पुढे, आम्ही मागे. ती एका गल्लीत शिरली, परत बाहेर आली. "एक मोठं झाड होतं. आणि अलीकडे दगडी भिंत." भिंत कुठेच नव्हती. एका फळवाल्याला विचारलं, त्यानं ऐकलंही नव्हतं. चपलांच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "मैदान होतं म्हणतात. आम्ही आलो तेव्हा सगळं सपाट होतं." ती गल्लीच्या मधोमध थांबली. माणसं दोन्ही बाजूंनी धक्के देत जात होती आणि ती पायाखाली बघत होती, कुठे पाऊल टाकावं ते कळत नसल्यासारखी. मुलगा तिच्या शेजारी उभा राहिला. त्यानं चपला काढल्या. का काढल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भर बाजारात तो अनवाणी उभा होता.

तेवढ्यात डबलच्या खांद्यावर पोरगी जागी झाली आणि रडायला लागली. चांगली खणखणीत. आईवर गेलीये. डबलनं इकडेतिकडे बघितलं आणि चपलांच्या दुकानाच्या पायरीवर सरळ बसकण मारली. तो म्हातारा दुकानदार आतून एक स्टूल घेऊन आला, तिच्यापुढे ठेवलं आणि त्यावर बुटांचे रिकामे खोके एकावर एक रचायला लागला, आडोसा म्हणून. रडणं थांबलं. खोक्यांच्या मागून घोट घेतल्याचा आवाज येत होता.

म्हातारी तो आवाज ऐकत उभी होती. मी घड्याळाकडे बघितलं. गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. मी बाही खाली ओढून ते झाकलं.